परदेशातून डॉक्टर आणि परिचारिका नेमताना : श्रीमंत घरे व खासगी रुग्णालये यांच्यासाठी मार्गदर्शन

घरातील एका रुग्णाजवळ चोवीस तास प्रशिक्षित परिचारिका हवी, अशी मागणी आली की बहुतेक ठिकाणी दोन परिचारिका आणण्याची तयारी सुरू होते : एक दिवसपाळीला आणि एक रात्रपाळीला. आठवड्याचे तास १६८ असतात. प्रत्येकीने आठवड्याला ४८ तास काम केले तरी साडेतीन माणसे लागतात. त्यात वार्षिक रजा, सणांच्या सुट्ट्या, आजारपण, प्रशिक्षणाचे दिवस आणि पाळी बदलताना रुग्णाची माहिती सोपवण्याचा वेळ धरला की ही संख्या चारच्या पुढे जाते, आणि आठवडा ४० तासांचा असेल तर ती पाचावर पोहोचते. दोघींवरच काम टाकले तर प्रत्येकीच्या वाट्याला आठवड्याला ८४ तास येतात. अमेरिकेतील रुग्णालयांमधील परिचारिकांच्या कामाच्या तासांविषयी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साडेबारा तास किंवा त्याहून लांब पाळीत चूक होण्याची शक्यता सुमारे तिपटीने वाढलेली आढळली होती. दोन माणसांत काम भागवण्याचा निर्णय हा अशा रीतीने थेट रुग्णाच्या सुरक्षिततेविषयीचा निर्णय ठरतो, आणि त्या दोघींपैकी एक सहा महिन्यांत निघून गेली तर त्याचे कारण तिच्या स्वभावात शोधण्यात अर्थ नसतो.

हे उदाहरण आरंभीच देण्याचे कारण असे की भरती आणि टिकवणूक या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, असे मला वाटत नाही. परदेशातून आलेला वैद्यकीय कर्मचारी का गेला, याचा माग काढला तर तो बहुतेक वेळा जाहिरातीपर्यंत, करारापर्यंत किंवा एजंटाने घेतलेल्या पैशांपर्यंत जाऊन पोहोचतो. म्हणून पुढील विवेचनात नेमणुकीपूर्वीच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

आधी काम लिहून काढावे

घरासाठी नेमणूक करायची असेल तर रुग्ण कोण, त्याचे निदान काय, कोणती उपकरणे वापरात आहेत, उपचाराची दिशा ठरवणारे डॉक्टर कोण आणि ते रात्री दोन वाजता दूरध्वनीवर मिळतात का, हे सर्व एका कागदावर उतरवावे. ट्रॅकिऑस्टॉमीची (श्वासासाठी गळ्यातून घातलेली) नळी बसवलेल्या रुग्णाची काळजी घेण्याचे कौशल्य आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाची काळजी घेण्याचे कौशल्य यांत मोठे अंतर आहे. 'अनुभवी परिचारिका हवी' एवढेच लिहिलेल्या जाहिरातीला दोन्ही प्रकारच्या परिचारिका अर्ज करतात, आणि चुकीची निवड झाल्याचे पहिल्या गंभीर रात्रीच कळते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणते काम करावयाचे नाही, हेही लिहावे. आजोबांसाठी आलेल्या परिचारिकेने नातवंडांना सांभाळावे, पाहुण्यांचे रक्तदाब मोजावेत, प्रवासात सामान उचलावे, किंवा डॉक्टरांनी घरातील प्रत्येकाला, नोकरवर्गासह, चिठ्ठ्या लिहून द्याव्यात, अशा अपेक्षा एकदम कोणी मांडत नाही. त्या एकेक करून वाढत जातात. पहिली विनंती नाकारणे अवघड वाटते आणि दहावी नाकारताना भांडण होते. घरातील इतरांना वैद्यकीय सेवा हवी असेल तर ती कोणाला, कोणत्या मर्यादेत आणि कोणत्या नोंदी ठेवून द्यावयाची, हे आरंभीच ठरवता येते. कर्मचारी राहणार कोठे, त्याच्या खोलीला आतून कडी आहे का, सुट्टीच्या दिवशी तो घराबाहेर जाऊ शकतो का आणि कुटुंब वर्षातून किती महिने परदेशी असते, ही माहितीही याच कागदावर हवी.

रुग्णालयाच्या बाबतीत सर्वाधिक फसगत होते ती कामाच्या प्रमाणाविषयी. हृदयशस्त्रक्रियेचा अनुभव असलेला शल्यचिकित्सक मोठ्या वेतनावर आणला आणि प्रत्यक्षात त्याला महिन्याकाठी मोजक्याच शस्त्रक्रिया मिळाल्या, तर त्याचा हात मंदावतो आणि ही गोष्ट त्याला इतर कोणाहीपेक्षा आधी जाणवते. विभागात खाटा किती, एका परिचारिकेकडे रुग्ण किती, शस्त्रक्रिया कोणत्या आणि किती, अतिदक्षता विभागाला रात्री कोणते वरिष्ठ डॉक्टर उपलब्ध असतात, हे आकडे उमेदवाराने मागण्यापूर्वीच त्याला द्यावेत. विभाग नव्याने उभा राहात असेल तर तसेच स्पष्ट सांगावे. नवे काहीतरी उभे करण्याची आवड असलेली माणसे असतात, पण त्यांना ते आधी माहीत असावे लागते.

परवाना आणि पडताळणी

श्रीमंत घरांना न सुचणारा प्रश्न असा की आपण डॉक्टर किंवा परिचारिका कायद्याने थेट नेमू शकतो का. अनेक देशांत वैद्यकीय परवाना हा व्यक्तीबरोबरच एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेशी जोडलेला असतो. दुबईत आरोग्य प्राधिकरणाचा परवाना एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या नावे कार्यान्वित व्हावा लागतो. दुसरीकडे, संयुक्त अरब अमिरातीच्या घरगुती कामगारांच्या कायद्यातील व्यवसायांच्या यादीत खासगी परिचारिकेचाही समावेश आहे. म्हणजे एकच व्यक्ती कोणत्या व्हिसावर येते यावर तिला लागू होणारा कामगार कायदा, कामाचे तास, सेवासमाप्तीची रक्कम आणि पुढे तिचा अनुभव रुग्णसेवेचा अनुभव म्हणून धरला जाईल की नाही, हे सर्व अवलंबून राहते. माझ्या मते घरासाठी सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे परवानाधारक गृहसेवा संस्थेमार्फत किंवा एखाद्या खासगी रुग्णालयाच्या वेतनपत्रकावर नेमणूक करून त्या कर्मचाऱ्याला घरी पाठवण्याची व्यवस्था करणे. असे केल्याने परवाना, विमा आणि वैद्यकीय देखरेख एका छताखाली येतात. खर्च वाढतो, परंतु घराचा कारभार पाहणाऱ्या कार्यालयाला जे काम येत नाही ते ज्यांना येते त्यांच्या हाती जाते.

कागदपत्रांची पडताळणी उमेदवाराने दिलेल्या प्रतींवर कधीही थांबवू नये. पदवी विद्यापीठाकडून, नोंदणी संबंधित परिषदेकडून आणि अनुभव पूर्वीच्या रुग्णालयाकडून थेट तपासला गेला पाहिजे. आखाती देशांत हे काम प्रामुख्याने डेटाफ्लो या कंपनीमार्फत होते, आणि रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या जॉइंट कमिशन इंटरनॅशनल या संस्थेची अधिस्वीकृती घेणाऱ्या रुग्णालयांनाही मूळ स्रोताकडून अशी पडताळणी करणे बंधनकारक असते. त्याशिवाय देशोदेशीच्या परीक्षा असतात : आखातात अनेक परवाना परीक्षा प्रोमेट्रिक या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रांवर होतात, तर ब्रिटनमध्ये परदेशी परिचारिकेला संगणकावरील परीक्षेनंतर प्रात्यक्षिक परीक्षाही द्यावी लागते. इंग्रजीसाठी आयईएलटीएस किंवा ओईटी चालते. ओईटी ही परीक्षा बारा आरोग्यव्यवसायांसाठी स्वतंत्रपणे रचलेली असल्याने परिचारिकेला रुग्णाविषयीचे पत्रच लिहावे लागते, आणि म्हणून तिचे गुण कामाच्या दृष्टीने मला अधिक बोलके वाटतात.

यात क्रम फार महत्त्वाचा आहे. पडताळणीला आठवडे, कधी महिने लागतात. पूर्वीच्या परिषदेचे सद्वर्तन प्रमाणपत्र थोड्या महिन्यांतच कालबाह्य होते. आणि या दोहोंच्या मध्ये उमेदवाराची सध्याची नोकरी असते. परवान्यासाठी पात्र असल्याचे पत्र हाती येण्यापूर्वी त्याला राजीनामा द्यावयास लावू नये. घाईपोटी तसे केले आणि पडताळणी अडली, तर त्या माणसाचे कुटुंब काही महिने पगाराविना राहते आणि तो रुजू होतो तेव्हाच त्याच्या मनात नियोक्त्याविषयी अढी असते.

कोठून आणि कोणामार्फत

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीविषयी आचारसंहिता स्वीकारली. ती ऐच्छिक असली तरी तिच्यामागील प्रश्न खरा आहे : ज्या देशात मुळातच डॉक्टर व परिचारिका अपुऱ्या आहेत तेथून माणसे ओढून नेली की तेथील प्रसूतिगृह बंद पडते. अशा देशांची जी यादी संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केली तिच्यात ५५ देश होते. त्यांत नायजेरिया, घाना, नेपाळ, बांगलादेश आणि पाकिस्तान यांचा समावेश होता. या देशांतील व्यक्तीने स्वतःहून अर्ज करण्यास या यादीने बंदी घातलेली नाही. मात्र तेथे जाऊन मेळावे भरवणे, एजंट नेमणे, एका वॉर्डातील दहा परिचारिका एकदम उचलणे हे खासगी रुग्णालयाने करू नये, असे माझे ठाम मत आहे.

उमेदवाराच्या स्वतःच्या देशाचे नियमही पाहावे लागतात. फिलिपीन्समध्ये परदेशी नियोक्त्याने कामगाराची थेट भरती करण्यास, काही अपवाद सोडता, मनाई आहे. भारत सरकारने २०१५ मध्ये आखातासह १८ देशांसाठी परिचारिकांची भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हावी असा नियम आणला, त्यामागे एजंटांनी उकळलेल्या लाखो रुपयांच्या तक्रारी होत्या.

या पैशांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण टिकवणुकीचा पाया येथेच ढासळतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारानुसार खासगी एजन्सीने कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष शुल्क घेऊ नये, हे तत्त्व आहे. प्रत्यक्षात ते अनेकदा घेतले जाते, आणि नियोक्त्याला त्याचा पत्ताही नसतो, कारण रक्कम गावातील उपएजंटाने रोखीत घेतलेली असते. कर्ज काढून आलेली परिचारिका पहिली दोन वर्षे तक्रार करत नाही, चुकीचा आदेश मिळाला तरी नाकारत नाही, आणि कर्ज फिटताच निघून जाते. तिच्या या मौनाला समाधान समजण्याची चूक रुग्णालये वारंवार करतात. म्हणून एजन्सीशी करार करतानाच उमेदवाराकडून एक पैसाही घेतला जाणार नाही, घेतल्यास एजन्सी तो परत करील आणि तिचे काम बंद होईल, असे कलम घालावे. आणि उमेदवार पोहोचल्यानंतर, एजन्सीचा माणूस समोर नसताना, तिच्या भाषेत तिला विचारावे की तिने कोणाला किती पैसे दिले. दिले असतील तर नियोक्त्याने ते आधी तिला द्यावेत आणि एजन्सीकडून नंतर वसूल करावेत. ही रक्कम सहा महिन्यांनी पुन्हा भरती करण्याच्या खर्चापुढे लहानच असते.

मुलाखत

मुलाखतीत त्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव असलेली व्यक्ती हवीच. घराचा व्यवस्थापक किंवा मनुष्यबळ अधिकारी एकटा पुरत नाही. तांत्रिक प्रश्नांबरोबर एक प्रश्न मी कधीही गाळणार नाही : 'रुग्णाने किंवा त्याच्या कुटुंबाने एखादे औषध आग्रहाने मागितले आणि ते देणे तुम्हाला योग्य वाटले नाही, असा प्रसंग आला होता का? तुम्ही काय केले?' ज्याला असा एकही प्रसंग आठवत नाही त्याच्याविषयी अधिक चौकशी करावी. संदर्भासाठी उमेदवाराने दिलेल्या मोबाइल क्रमांकावर अवलंबून न राहता पूर्वीच्या रुग्णालयाच्या मुख्य दूरध्वनीवरून त्या व्यक्तीपर्यंत पोहोचावे.

उलट दिशेची मुलाखतही तितकीच आवश्यक आहे. आधीच्या परिचारिकेशी, ती नोकरी सोडून गेलेली असली तरी, उमेदवाराला बोलू द्यावे. घराविषयी वाईट वाटणारी गोष्टही सांगून टाकावी : रुग्ण चिडचिडा आहे, घरातील दोन भावांचे उपचारांवर एकमत नाही, रात्री झोप मिळत नाही. हे ऐकून मागे हटणारा उमेदवार नंतरही हटलाच असता.

करार

उमेदवाराला मायदेशी दाखवलेला करार आणि परदेशी पोहोचल्यावर सहीसाठी पुढे केलेला करार यांत शब्दाचाही फरक असू नये. वेतनाचा एकूण आकडा सांगून भागत नाही, त्याची फोड सांगावी लागते. संयुक्त अरब अमिरातीत खासगी क्षेत्रातील सेवासमाप्तीची रक्कम पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या आणि त्यापुढे ३० दिवसांच्या मूळ वेतनावर ठरते. दरमहा १०,००० दिरहमपैकी मूळ वेतन ४,००० असेल तर तीन वर्षांनी ८,४०० दिरहम मिळतात. मूळ वेतन ७,००० असेल तर १४,७००. दोन्ही नोकऱ्यांची जाहिरात मात्र एकसारखीच दिसते. कर्मचाऱ्याला हा फरक जाताना कळण्यापेक्षा येताना कळलेला बरा.

'कॉलवर असणे' म्हणजे काय, याची व्याख्या करावी. घरात राहणारी परिचारिका पाळी संपल्यावरही त्याच छताखाली असते, म्हणून ती सदैव उपलब्ध आहे असा समज होतो. पाळीबाहेर बोलावल्यास तो वेळ मोजला जाईल आणि त्यानंतर सलग विश्रांती मिळेल, हे लेखी हवे. पारपत्र कर्मचाऱ्याकडेच राहील. 'सुरक्षिततेसाठी' तिजोरीत ठेवण्याची प्रथा बंद करावी, कारण ओळखपत्रे अडवून ठेवणे हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सांगितलेल्या सक्तीच्या श्रमाच्या अकरा लक्षणांपैकी एक आहे.

व्यावसायिक चुकीच्या विम्याकडे घरे आणि कधीकधी रुग्णालयेही दुर्लक्ष करतात. विम्याचे मुख्यतः दोन प्रकार असतात : घटना पॉलिसीच्या काळात घडली असेल तर दावा केव्हाही आला तरी संरक्षण देणारा, आणि दावा दाखल होताना पॉलिसी चालू असेल तरच संरक्षण देणारा. दुसऱ्या प्रकारात कर्मचारी देश सोडून गेल्यानंतर आलेल्या दाव्याला संरक्षण उरत नाही, म्हणून सेवा संपल्यानंतरच्या काळासाठी जोडसंरक्षण विकत घ्यावे लागते. त्याचा खर्च कोण करणार ते करारात लिहावे. कुटुंबाबरोबर विमानाने किंवा नौकेने प्रवास करणाऱ्या डॉक्टरांच्या बाबतीत विमा कोणत्या देशांत लागू आहे हेही पाहावे. परवाना बहुधा सीमेवरच संपतो, आणि मॉर्फिनसारखी नियंत्रित औषधे पिशवीत घालून दुसऱ्या देशात उतरणे हा परवानगीशिवाय गुन्हा ठरू शकतो, ज्याची शिक्षा औषध बाळगणाऱ्याला होते.

गुप्ततेचे कलम योग्यच आहे. प्रसिद्ध किंवा धनाढ्य कुटुंबाला खासगीपण जपण्याचा पूर्ण हक्क आहे. परंतु ते कलम परवाना मंडळाला उत्तर देणे, संसर्गजन्य रोगाची नोंद करणे, लहान मुलावरील अत्याचार कळवणे किंवा स्वतःच्या वकिलाचा सल्ला घेणे यांच्या आड येणार नाही, असा अपवाद त्यातच नमूद करावा. प्रशिक्षणाचा खर्च वसूल करणारा बाँड ठेवायचाच असेल तर तो प्रत्यक्ष खर्चाइतका आणि महिन्यागणिक कमी होत जाणारा असावा.

घरातील डॉक्टरांना नकाराचा अधिकार

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ वॉल्टर वाइनट्रॉब यांनी १९६४ मध्ये 'व्हीआयपी सिंड्रोम' ही संज्ञा वापरली. मोठ्या माणसावर उपचार करताना डॉक्टर नेहमीची पद्धत सोडतात, नको त्या चाचण्या करतात, आवश्यक त्या टाळतात, अप्रिय प्रश्न विचारत नाहीत, आणि परिणामी त्या रुग्णाची सामान्य रुग्णापेक्षाही वाईट काळजी घेतली जाते. रुग्ण हाच पगार देणारा असला की हा धोका कैक पटींनी वाढतो. मायकल जॅक्सन यांच्या मृत्यूचे प्रकरण या दृष्टीने प्रत्येक श्रीमंत घराने समजून घेण्यासारखे आहे. २००९ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ कॉनरॅड मरे यांना दरमहा १,५०,००० डॉलर वेतनावर त्यांचे खासगी डॉक्टर म्हणून ठरवण्यात आले होते. जॅक्सन यांना झोप यावी म्हणून मरे घरातल्या शयनगृहात प्रोपोफॉल हे भूल देण्याचे औषध देत होते. त्यासाठी लागणारी देखरेखीची साधने तेथे पुरेशी नव्हती. २५ जून २००९ रोजी जॅक्सन यांचा मृत्यू झाला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये मरे यांना हेतूविना मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरवून चार वर्षांची शिक्षा झाली. रुग्णालयात असे औषध मागितले असते तर भूलतज्ज्ञ, परिचारिका, औषधविभाग यांपैकी कोणी तरी हरकत घेतली असती. घरात हरकत घेणारे दुसरे कोणी नव्हते.

म्हणून घरात नेमलेल्या डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने वैद्यकीय बाबतीत घराच्या व्यवस्थापकाला नव्हे, तर घराबाहेरील एका वैद्यकीय संचालकाला उत्तरदायी असावे. हा संचालक बहुधा जवळच्या रुग्णालयातील वरिष्ठ डॉक्टर असतो. तो महिन्यातून एकदा नोंदी तपासतो, औषधांचा साठा मोजतो आणि वाद झाल्यास निर्णय देतो. वैद्यकीय कारणाने दिलेल्या नकारामुळे नोकरी जाणार नाही, असे एक वाक्य करारात असावे आणि कुटुंबप्रमुखाने ते कर्मचाऱ्यासमोर स्वतः वाचून दाखवावे. हे वाचून दाखवणे औपचारिक वाटेल, पण त्यानंतर पहिला नकार देण्यासाठी लागणारे धैर्य निम्मे होते. रुग्णाच्या नोंदी घराच्या कार्यालयातील फायलींपासून वेगळ्या आणि कुलुपात असाव्यात. मुलाने वडिलांच्या आजाराची फाइल मागितली तर परिचारिकेने काय करावे, हेही आधीच ठरलेले असावे. भेटवस्तूंचा नियम मात्र दोन ओळींत लिहिता येतो : ठरावीक रकमेपुढील भेट स्वीकारायची नाही, आणि रोख कधीच नाही.

एकाच रुग्णाजवळ वर्षभर राहिल्याने कौशल्य गंजते, ही घरगुती नेमणुकीतील सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी तक्रार आहे. व्हेंटिलेटरवरील रुग्णाला सांभाळणाऱ्या परिचारिकेला दर महिन्याला दोन-तीन दिवस रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम करण्याची व्यवस्था करावी. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या जीवरक्षण प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे दोन वर्षांनी संपतात. त्यांच्या नूतनीकरणाचा दिवस आणि शुल्क दोन्ही घराने द्यावे. असे केले तर ती परिचारिका पुढच्या नोकरीसाठीही पात्र राहते. तिच्या जाण्याची सोय आपणच करत आहोत, असे काहींना वाटते. मात्र कौशल्य हरवत असल्याची भीती हेच लवकर निघून जाण्याचे मोठे कारण असते.

रुग्णालयात

खासगी रुग्णालयातील सर्वांत खोल तक्रार समान कामासाठी पारपत्राच्या रंगानुसार वेतन ठरण्याची आहे. एकाच वॉर्डात, त्याच परवान्यावर, त्याच पाळीत काम करणाऱ्या दोन परिचारिकांचे वेतन केवळ राष्ट्रीयत्वामुळे वेगळे असेल तर ते लपून राहात नाही, आणि कमी वेतन मिळणारी मनातून त्याच दिवशी नोकरी सोडते. पदनाम, अनुभव आणि कौशल्य यांवर आधारित एकच वेतनश्रेणी जाहीर करणे महाग वाटत असेल तर ते टप्प्याटप्प्याने करावे, पण करावे.

दुसरी बाब कामाच्या ओझ्याची. अमेरिकेतील परिचर्या-संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि त्याबरोबर परिचारिकांचा थकवा व असमाधानही वाढले. म्हणजे परिचारिका कमी करून वाचवलेला पैसा रुग्णही फेडतो आणि भरती विभागही. डॉक्टरांच्या बाबतीत उत्पन्नाचे लक्ष्य देण्याची प्रथा हेच काम करते : ज्यांना महिन्याकाठी किती स्कॅन लिहिले याचा हिशेब द्यावा लागतो, त्यांतील चांगला डॉक्टर आधी जातो.

रुजू झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे नव्या कर्मचाऱ्याला रुग्णसंख्येत धरू नये. औषधांची व्यापारी नावे वेगळी असतात, रक्तशर्करा एके ठिकाणी मिलिग्रॅममध्ये तर दुसरीकडे मिलिमोलमध्ये मोजतात, पंप वेगळ्या कंपनीचे असतात, आणि रुग्णाची भाषा येत नसते. याच काळात बँक खाते, सिमकार्ड, घरभाडे, मुलांची शाळा आणि जोडीदाराचा व्हिसा यांचीही धावपळ असते. या धावपळीत मदत करणारा एकच नेमलेला माणूस द्यावा, शक्यतो स्वतः परदेशातून आलेला. पहिला पगार एक दिवसही उशिरा होऊ देऊ नये.

टिकणे आणि निरोप

तिसऱ्या, नवव्या आणि अठराव्या महिन्यात प्रत्येकाशी शांतपणे बसून बोलावे : काय जमते आहे, काय जाचते आहे, पुढे काय करायचे आहे. हे संभाषण थेट वरिष्ठाने न करता दुसऱ्याने केले तर अधिक खरे होते, कारण व्हिसा ज्याच्या हातात त्याच्याविषयी तक्रार करणे सोपे नसते. करार संपण्याच्या सहा महिने आधी नूतनीकरणाचा प्रस्ताव लेखी द्यावा. शेवटच्या महिन्यात दिलेला प्रस्ताव दुसरीकडे मुलाखती देऊन झाल्यानंतर पोहोचतो. अनेकांसाठी ही नोकरी मोठ्या प्रवासातील एक मुक्काम असतो, हे मान्य करून तीन ते पाच वर्षांचा हिशेब धरावा आणि त्या बेताने पुढील माणूस तयार करत राहावे.

घरातील नेमणूक अनेकदा रुग्णाच्या मृत्यूने संपते, आणि त्या दिवशी कोणालाही परिचारिकेच्या नोकरीचा विचार करण्याची मनःस्थिती नसते. वर्षानुवर्षे ज्याची शुश्रूषा केली त्याला गमावलेली तीही असते. म्हणून या प्रसंगाचे कलम करारात पहिल्या दिवसापासून असावे : सूचनाकाळाचे पूर्ण वेतन, परतीचे तिकीट, दुसरी नोकरी शोधेपर्यंत राहण्याची जागा आणि परवाना नव्या संस्थेकडे हलवण्यास विनाअट संमती. अनुभवाच्या दाखल्यात केवळ स्तुती लिहू नये. रुजू झाल्याची व सेवा संपल्याची तारीख, आठवड्याचे तास, रुग्णाचे नाव न देता त्याच्या अवस्थेचे स्वरूप, हाताळलेली उपकरणे आणि देखरेख करणाऱ्या वैद्यकीय संचालकाचे नाव व परवाना क्रमांक त्यात हवेत. दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या देशातील एखादी पडताळणी कंपनी याच दाखल्याविषयी विचारणा करील, आणि ती विचारणा ज्या पत्त्यावर येईल तो पत्ता घराचे कार्यालय बदलले तरी चालू ठेवून तिला वेळेवर उत्तर द्यावे.